प्रभावळ नसलेली माणसं

गेल्या वर्षी एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाबाहेर मी तीन रात्री काढल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा चेहरा होता. चांगला चार-पाच फुटी कॅनव्हास, तैलरंगातला, वर सोनेरी वर्ख. डोळे मिटलेले, ओठांवर ते ठरलेलं स्मित. खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. त्यातल्या एका खुर्चीत एक बाई डब्याच्या पिशवीवर डोकं टेकून झोपायच्या आणि आतून कुणाच्याही नावाचा पुकारा झाला की दचकून उठायच्या. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, त्या चित्राकडे कुणी पाहतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे दाराकडे. चित्र वाईट नव्हतं, काढणाऱ्याचा हात बसलेला होता. पण खालच्या खुर्चीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

आपल्याकडच्या तैलचित्रांत अध्यात्म आणि माणसाचं दुःख एकमेकांना भेटतात का आणि भेटतात तर कुठं, हा प्रश्न तिथून माझ्या मागं लागला. हा आढावा त्याच प्रश्नापोटी. तो सगळ्या देशाचा नाही. स्वातंत्र्यानंतरची चित्रकला, आणि तीही बरीचशी मुंबईशी धागा असलेली. माझं मत आधीच सांगून टाकतो. जे चित्रकार थेट ‘आध्यात्मिक’ काढायला बसले, त्यांच्या चित्रांतून बहुतेकदा माणूस निसटला. जे दुखऱ्या शरीराकडे बघत राहिले, त्यांच्याकडे ते दुसरं काहीतरी न बोलावता आलं. याला एक मोठा अपवाद आहे, त्याच्याकडे पुढं येतो.

आधी माध्यमाबद्दल. तैलरंग म्हणजे मुळात जवसाचं तेल, त्यात खललेली रंगाची पूड. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते घट्ट होतं, आणि थर जाड असेल तर वरून सुकल्यावरही आत कित्येक महिने ओलं राहतं. ट्यूबवर ‘आयव्हरी ब्लॅक’ लिहिलेला काळा रंग आज बहुतेक जळलेल्या हाडांच्या कोळशाचा असतो. म्हणजे कातडीचा भास देणारं, सावकाश सुकणारं, पुन्हा पुन्हा खरवडता येणारं हे माध्यम शरीरासाठीच जन्माला आल्यासारखं आहे.

आपल्याकडे मात्र ते देवांसाठी आलं. रविवर्म्यानं तैलरंगात लक्ष्मी-सरस्वती रंगवल्या. त्याचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून ते देव घरोघरच्या देवघरांत आणि कॅलेंडरांवर पोचले. गुबगुबीत हात, घडीव दागिने, अंगावर एक ओरखडा नाही. रविवर्म्याचा मोठेपणा मला मान्य आहे. पण धार्मिक चित्र म्हणजे नितळ चित्र, ही सवय आपल्या डोळ्यांना तिथं लागली. हॉस्पिटलमधला तो बुद्ध याच घराण्यातला.

दुसऱ्या बाजूला १९४३चा बंगालचा दुष्काळ. झैनुल आबेदिन आणि चित्तोप्रसाद यांनी रस्त्यावर मरणारी माणसं काढली ती शाईनं, हलक्या कागदावर. चित्तोप्रसादांच्या ‘हंग्री बंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारनं जप्त करून जाळल्या. तैलरंग तिथं चाललेच नसते. मरणाऱ्याला बसून राहायला सांगणार कोण? तैलरंगातलं दुःख आलं ते नंतर, आठवणीतून.

ते सर्वांत आधी आणि सर्वांत उद्धटपणे आणलं फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी. १९२४ साली गोव्यातल्या साळगाव इथं जन्म. तान्हेपणीच वडील गेले, मोठी बहीण गेली, पुढं स्वतःला देवी आल्या. पोर वाचलं तर त्याला पाद्री करीन, असं आईनं सेंट फ्रान्सिस झेव्हियरला बोलून ठेवलं, आणि ‘फ्रान्सिस’ हे नाव त्या नवसातून आलं. पोर वाचलं, पाद्री झालं नाही. ‘छोडो भारत’च्या धामधुमीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ साली त्यांची हकालपट्टी झाली, १९४७ साली त्यांनी हुसेन, रझा, आरा, गाडे, बाक्रे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९ साली लंडन गाठलं.

गोव्यातल्या चर्चमध्ये लहानपणी पाहिलेला क्रूस त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. त्याबद्दल त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. पाद्रींच्या भरजरी झग्यांइतकाच त्या रक्तानं माखलेल्या, केस चिकटलेल्या माणसाचा त्यांच्यावर पगडा होता. १९५९ सालचं ‘क्रुसिफिक्शन’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. पुरुषभर उंचीचा बोर्ड. त्यावरचा ख्रिस्त काळा आहे, कृश आहे, आणि अजिबात देखणा नाही. सूझांच्या बहुतेक चेहऱ्यांत डोळे कपाळावर चढलेले असतात, दात माशाच्या काट्यासारखे बाहेर येतात, रेघ जाड आणि काळी, शिशाच्या पट्ट्यांनी काचा जोडाव्यात तशी. हा ख्रिस्तही त्याच रेघेचा. त्याच्याबद्दल दया वाटत नाही, भीती वाटते. यातना इतक्या पुढं गेल्यात की सोसणारा ओळखीचा राहिलेला नाही. इथं तारण आहे का? मला दिसत नाही. पण ज्यानं देव सोडून दिलाय त्याला क्रूस सुटत नाही, हे त्या बोर्डावर लख्ख दिसतं, आणि माझ्या लेखी ते धार्मिक चित्र व्हायला पुरेसं आहे. पुढं १९६५ साली सूझांनी काळ्यावर काळं रंगवून एक अख्खी मालिका केली. उजेड तिरपा पडला तरच त्यात चेहरे दिसतात.

(सूझांच्या आधी गोव्याच्याच आंजेलो द फोन्सेकांनी मेरीला साडी नेसवून येशूचं घर इथलं करून टाकलं होतं. पण त्यांचा पिंड जलरंगाचा आणि शांततेचा. पुण्यात आश्रमात राहून काम केलेल्या या चित्रकाराची मराठीत फारशी दखल घेतली गेली नाही.)

कृष्ण खन्नांचा ख्रिस्त सूझांच्या बरोब्बर उलटा. खन्ना फाळणीत लाहोर सोडून आले, ग्रिंडलेज बँकेत नोकरी केली आणि १९६१ साली ती सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले. त्यांच्या शेवटच्या भोजनात ख्रिस्ताभोवती बसलेली माणसं दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या फकिरांसारखी, हमालांसारखी दिसतात. डोक्याला फडकं, अंगावर कांबळं, रोटीवर झुकलेल्या पाठी. हेच खन्ना ट्रकच्या मागच्या फळक्यात गोण्यांसारखे दाटीवाटीनं बसलेले मजूरही रंगवतात. दोन्ही मालिकांतल्या पाठी सारख्याच वाकलेल्या आहेत. ख्रिस्त जन्मानं हिंदू असलेल्या चित्रकाराकडे एवढा का यावा? मला वाटतं, फाळणी पाहिलेल्या पिढीला विषय असा हवा होता की जो त्या दंगलीतल्या कोणत्याच बाजूचा नाही. वधस्तंभ तेवढा रिकामा होता.

हुसेन यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, म्हणून एकच गोष्ट. जन्म पंढरपूरचा, आणि दोन वर्षांचे व्हायच्या आत आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नसे, हे ते आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या मदर तेरेसा मालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर पोर आहे, हात आहेत; पदराखाली चेहऱ्याच्या जागी काळोख आहे. ज्या गावात लोक देवालाच माउली म्हणतात, त्या गावात जन्मलेल्यानं ही चेहरा नसलेली आई काढावी, याचं मला अजून नवल वाटतं. बाकी हुसेन हा उत्सवी चित्रकार. दुःखात फार वेळ थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

थांबले ते तय्यब मेहता. १९४७च्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून ठार होताना पाहिलं. ते विशीतले होते. पाहिलं ते पन्नासेक वर्षं कॅनव्हासवर उतरत राहिलं, पण त्यांनी दंगल म्हणून ती कधी रंगवली नाही. त्यांनी रंगवला तो पाय बांधलेला बैल, कापण्याआधी आडवा पाडलेला. वांद्र्याच्या कत्तलखान्यात ते जाऊन बसत. तिथं त्यांनी चित्रीकरणही केलं आणि ते ‘कूडल’ या १९७०च्या छोट्या चित्रपटात आहे. मग आला कोसळणारा माणूस. ‘फॉलिंग फिगर’ला १९६८च्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. लंडनच्या वास्तव्यात फ्रान्सिस बेकन त्यांच्या डोळ्यांपुढं होता. तिथून आलेला जाड, चाकूनं थापलेला रंग १९६८च्या अमेरिका भेटीनंतर सपाट होत गेला. १९६९ पासून कॅनव्हास एका तिरक्या रेघेनं फाटला. त्या तिरपीच्या अलीकडे एक हात, पलीकडे धड. पुढं त्यांनी अ‍ॅक्रिलिकही जवळ केलं.

तय्यबांचं मोठेपण असं की जखमेला त्यांनी हळूहळू देवत्व येऊ दिलं, घाई केली नाही. शांतिनिकेतनच्या मुक्कामात पाहिलेल्या चडक उत्सवातून तीन फलकांचं मोठं चित्र आलं, नंतर काली आली, महिषासुर आला. त्यांचा महिषासुर पाहताना मला तो जुना बैलच आठवतो, पाय सोडलेला. देवी त्याला मारतेय की कवेत घेतेय, हे चित्रावरून सांगता येत नाही. दोघांचे अवयव इतके एकमेकांत अडकलेत की कापणारा आणि कापला जाणारा वेगळे काढता येत नाहीत. मिथक इथं दुःखावरचं पांघरूण म्हणून येत नाही. त्या खिडकीतून पाहिलेल्या प्रसंगाला पुरेल एवढी मोठी दुसरी भाषाच नव्हती म्हणून येतं. मनासारखे न झालेले कॅनव्हास तय्यब नष्ट करत, हे त्यांच्या जवळच्यांनी पुष्कळदा सांगितलं आहे.

आता बाजारही सांगायला हवा. तय्यबांचं ‘सेलिब्रेशन’ २००२ साली लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा १९५६ सालचा बांधलेला बैल ६१.८० कोटींना विकला गेला. किमतीबद्दल हळहळण्यात मला रस नाही, चित्रकार काय हवेवर जगतो? पण मरणाच्या आधीच्या क्षणातलं जनावर दिवाणखान्यात कुठल्या भिंतीवर लावत असतील, याची उत्सुकता आहे.

आणि तो अपवाद. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं गोव्याचं, वाढ गिरगावच्या चाळीत. त्यांच्या प्रौढ चित्रांत माणूस नाहीच, मग दुःख कुठून असणार? रोलर, पॅलेट नाइफ, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे, आणि थरावर थर. वर्षाला मोजकीच चित्रं. झेन, रमण महर्षी, खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज अशी त्यांची ओढ. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना आपल्या चित्रांसाठी पसंत नव्हता. माझ्या मताप्रमाणे हे चित्र सजावटीकडे घसरायला हवं होतं. घसरत नाही. का, याचं उत्तर मला पुष्कळ दिवस सापडत नव्हतं. एकदा त्यांचा एक हिरवट-पिवळा कॅनव्हास तासभर पाहत बसलो. आधी दिसतो तो नुसता प्रकाश. अर्ध्या तासानं त्याच्या आत खरवडलेलं, सोललेलं, पुन्हा झाकलेलं दिसू लागतं. म्हणजे शांतता आयती आलेली नाही, तिच्याखाली मोडतोड आहे. दिल्लीत निजामुद्दीनच्या एका खोलीत ते एकटे राहिले. १९८४ साली अपघातात जबर दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास वर्षानुवर्षं हातून सुटले. मराठी वाचकांसाठी सतीश नाईकांनी ‘चिन्ह’तर्फे त्यांच्यावर काढलेला ग्रंथ आहे. तो वाचताना या माणसानं काय काय वजा केलं त्याचा अंदाज येतो. २०१३ साली त्यांचं चित्र मुंबईत २३.७० कोटींना गेलं आणि तेव्हापासून गायतोंड्यांसारखं रंगवणाऱ्यांचं पेव फुटलंय. या नक्कल करणाऱ्यांच्या कॅनव्हासांवर अर्धा तास घालवला तर अर्धा तासच जातो.

रामकुमार हे तय्यब आणि गायतोंडे या दोघांच्या मधोमध. पन्नासच्या दशकात त्यांनी बेकार, ओढलेल्या चेहऱ्यांची शहरी माणसं रंगवली. १९६० साली हुसेनबरोबर बनारसला गेले आणि तिथून परतल्यावर चित्रांतली माणसंच संपली. राहिले ते घाट, एकमेकांवर रचलेली घरं, राखाडी पाणी. विधवा, प्रेतं, वाट पाहणारी गर्दी, हे सगळं पाहून झाल्यावर त्यांना ते काढवलं नसावं. तरीही त्या राखाडीत माणसं आहेत, असं सारखं वाटत राहतं.

इथं एक हरकत घ्यायलाच हवी, आणि ती महाराष्ट्रातूनच आलेली आहे. दुःखाला तेज चढवणं कुणाच्या सोयीचं? बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकातच प्रश्न टाकला की चार आर्यसत्यं मुळात बुद्धाची आहेत का, जन्म, जरा, मरण हेच दुःख म्हटलं तर धम्म निराशेचा होतो, आणि माणसानं माणसाला दिलेलं दुःख बाजूला राहतं. नागपूरचे सवी सावरकर या प्रश्नाच्या बाजूनं चित्र काढतात. गळ्यात मडकं, पाठीला खराटा बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य, देवदासी, मेलेली गुरं ओढणारा. रेघ मुद्दाम ओबडधोबड, रंग कच्चे, अंगावर येणारे. प्रेक्षकाला हळवं व्हायची सवलत नाही. प्रभावळ नाहीच, आणि ती द्यायला हा चित्रकार तयारही नाही, कारण देवाच्याच नावानं ते मडकं गळ्यात आलेलं आहे. सावरकरांची सगळी चित्रं मला सारखी भिडतात असं नाही. काही ठिकाणी घोषणा चित्राच्या पुढं धावते. पण खन्नांच्या वाकलेल्या पाठींकडे पाहून मन भरून येतं तेव्हा या चित्रांनी मला दोनदा टोकलं आहे.

याच्या तुलनेत दर आषाढात भरणारी वारीची तैलचित्र प्रदर्शनं पाहावीत. टाळ, पताका, भगवा धुरळा, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. तिच्या टाचांच्या भेगा मात्र मला एकाही चित्रात दिसल्या नाहीत. १६३०च्या दुष्काळात तुकोबांच्या घरात माणसं अन्नावाचून गेली, तिथून त्यांची वाणी वळली, हे शाळेतलं पोरही सांगेल. ज्या परंपरेतली ही वाणी भुकेतून आली, तिची चित्रं इतकी पोटभरली कशी?

शरीराच्या दुखण्याकडे हसत पाहणारा एकच, भूपेन खख्खर. मुंबईत जन्मलेला, बडोद्यात हिशेब तपासून पोट भरणारा चार्टर्ड अकाउंटंट. १९८७च्या ‘ययाति’त त्यांनी म्हाताऱ्याच्या अंगावर पंखवाला तरुण ओणवा दाखवला. खांडेकरांच्या ‘ययाति’वर पोसलेल्या मराठी वाचकाला हा ययाति पचायला जड जाईल, इथं भोगाचा धिक्कार नाही, एका पुरुषाला दुसऱ्याकडून मिळणारं जीवदान आहे. पुढं कर्करोग झाला आणि २००३ साली जाईपर्यंत भूपेन आतडी, जखमा, पोटात गोळी लागलेला माणूस असलं काढत राहिले, तेही बाजारातल्या देवाच्या तसबिरीच्या झगझगीत रंगांत. दिल्लीच्या रामेश्वर ब्रूटांनी तर ब्रश बाजूला ठेवून दाढीच्या पात्यानं रंगाचे थर खरवडून माणूस काढला. त्यांच्या पुरुषांची कातडी जवळून पाहिली तर हजारो ओरखडे आहेत. आणि मुंबईतले टी. व्ही. संतोष स्फोटांची, युद्धांची बातमीतली छायाचित्रं फिल्मच्या निगेटिव्हसारख्या हिरव्या-केशरी रंगांत तैलरंगात उतरवतात. डोळे दिपतात. त्या माणसांच्या जवळ जाता येत नाही, आणि बहुधा त्यांना तेच म्हणायचंय.

राहिले दोन डॉक्टर. सुधीर पटवर्धन पुण्याच्या एएफएमसीतून १९७२ साली बाहेर पडले आणि तीसेक वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा हाडांच्या फिल्मा, उरलेल्या वेळात लोकलचे पूल, इराणी हॉटेलं, ठाण्यातल्याच पोखरणच्या टेकड्या. त्यांच्या ‘लोअर परळ’मध्ये (२००१) गिरण्यांचा परिसर आहे, १९८२चा संप, नंतरची पडझड सांगायला वेगळं पात्र लागत नाही. पटवर्धन देवाचं नाव काढत नाहीत, डाव्या विचारांचे. पण कामावरून परतणारा माणूस ते इतका भरीव, इतका वजनदार काढतात की त्याला ढकलून पुढं जाता येत नाही. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक गृहस्थ एका चित्रापुढं उभे राहून बायकोला सांगत होते, “हा आपल्या जिन्यावरचा माणूस आहे बघ.” नाव मात्र दोघांनाही आठवेना.

गीव्ह पटेल मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवत, कविता आणि नाटकं लिहीत. सतराव्या शतकातल्या गुजराती संतकवी अखोचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला. चित्रांत मात्र बुडून मेलेली बाई, चिरडलेलं डोकं, मार खाऊन उघड्यावर पडलेलं शरीर. कधी तैलरंग, कधी अ‍ॅक्रिलिक. प्रेत कसं दिसतं ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यात भडकपणा नाही. फुगलेल्या कातडीचा रंग कुठं जांभळा, कुठं मेणासारखा होतो, हे तपासणाऱ्या डोळ्यानं ठेवलेलं आहे. आणि याच माणसानं नव्वदच्या दशकापासून पुढं कितीतरी वर्षं विहिरी काढल्या. दक्षिण गुजरातेत नारगोळला त्यांच्या कुटुंबाचं घर, तिथल्या विहिरींची ही आठवण. २०२३ साली ते गेले.

विहिरीची ती चित्रं अशी: आपण काठावर ओणवून खाली पाहतोय. कडेला दगड, फटींतून उगवलेली रोपं, खाली पाण्याचं गोल. त्यात आभाळाचा तुकडा आहे, फांद्या आहेत, मधेच पानं तरंगताहेत. ओणवून पाहणाऱ्याचं डोकं त्या पाण्यात दिसायला हवं, नेमकं मधोमध. मी पाहिलेल्या चित्रांत ते नाही. तिथं पाणी आहे, थोडं गढूळ, आणि खोली किती ते कळत नाही.